लाकडाखालचा नंबर

दुपारी सव्वा दोनला रमाकांतशेट तेंडोलकरांचं डोकं आरामखुर्चीच्या पाठीवर टेकतं, तेव्हा ते झोपलेले नसतात आणि धड जागेही नसतात. पोटात बांगड्याचं तिखलं आणि ताटभर भात. दुकानाचं शटर गुडघ्याइतकं उघडं ठेवलं आहे, त्याखालून रस्त्यावरचं ऊन आत येतं आहे. तालुक्याच्या या गावात एक ते चार कोणी काही विकत नाही. बंदुकीच्या दुकानात तर हल्ली सकाळ-संध्याकाळही तीच तऱ्हा. काडतुसांच्या कपाटाखाली शेटनी गळ, रेनकोट आणि बॅटऱ्या मांडल्या आहेत, आणि बाहेरच्या पाटीवर मात्र वडिलांच्या नावाखाली स्वतःचं नाव आणि त्याखाली ‘शस्त्रतज्ज्ञ’ असं तांबड्या रंगात रंगवून घेतलं आहे. ही पदवी त्यांना कोणी दिली असं गावात कोणी विचारत नाही. बंदुकीतलं कळणारं दुसरं माणूसच उरलेलं नाही, मग विचारणार कोण.

टेबलावर पेपरवेटखाली एक पत्र आहे. साडेचारला ठाण्याचा हवालदार ते न्यायला येणार. पत्र तयार आहे, फक्त सही राहिली आहे. सही हवालदाराच्या समोर ठोकायची, त्यात एक रुबाब असतो असं शेटना वाटतं.

पत्र प्रभावती गावडे हिच्या बंदुकीबद्दल आहे. तिचा नवरा सोनू गावडे चतुर्थीच्या आधी गेला. रानडुकरांपासून शेत राखायला त्याच्याकडे परवान्याची एकनळी विलायती बंदूक होती, पस्तीस वर्षं. मग निवडणूक लागली. निवडणूक लागली की तालुक्यातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर जिच्या तिच्या घरी जातात. या वेळी परत देताना नव्या हवालदाराने परवान्यातला नंबर बंदुकीशी ताडून पाहिला आणि तो नंबर बंदुकीवर कुठेच सापडेना. मूळ बंदूक विकली आणि बिनपरवान्याची दुसरी घरात ठेवली, असा संशय आला. मग शस्त्रतज्ज्ञांना बोलावणं गेलं. शस्त्रतज्ज्ञांनी ठाण्यात चहा पीत पीत चार मिनिटं बंदूक पाहिली. शेजारी प्रभावती पदर सावरत उभी होती. ती म्हणाली, “ही आमचीच ओ. ह्या दस्त्यार माज्या घोवाच्या गालाची खूण आसा.” शेटनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गालाच्या खुणेवरून बंदूक ओळखणारी बाई आणि मी, एका खोलीत उभे, याचंच त्यांना हसू आलं होतं.

पत्रात लिहिलं आहे की ही बंदूक साठ सालानंतर बनलेली असून परवान्यातली जुनी विलायती बंदूक ती ही नव्हे. यावर सही पडली की प्रभावतीवर बेकायदा हत्याराचा गुन्हा दाखल होणार. शेटना हे ठाऊक आहे. तरी डोळे मिटतात, कारण तिखलं चांगलं झालं होतं.

“लाकूड काढलंस काय?”

आवाज मागच्या खोलीतून येतो. मागच्या खोलीत खोकी आहेत, माणूस नाही. पण आता तिथे खोकी नाहीत, लांबट टेबल आहे, शेगडा आहे, कानशी टांगल्या आहेत, आणि टेबलाशी धाकू मेस्त्री बसले आहेत. बनियन, खाकी अर्धी चड्डी, दोरीने बांधलेला चष्मा. धाकू मेस्त्रींनी या दुकानात चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते टेबल शेटनी मेस्त्रींच्या बाराव्यानंतर आठवडाभरात भंगारात दिलं होतं.

“मेस्त्रीनू, तुमी कदी इलात?”

“मी इचारलंय त्येचा सांग. लाकूड काढलंस?”

“कसला लाकूड?”

मेस्त्री हातातली नळी खाली ठेवतात आणि भिंतीकडे बघून बोलतात, जणू भिंतीला तरी समजेल. “आयकलास? पाटयेर तज्ज्ञ म्हणान लिवलेला आसा, आणि कसला लाकूड म्हणता.”

शेट खुर्चीतून उठलेले नाहीत, तरी ते टेबलाशी उभे आहेत. अंगावर लुंगीच आहे. याची त्यांना जरा लाज वाटते. टेबलावर प्रभावतीची बंदूक आहे. ती ठाण्यातल्या कपाटात कुलपात असायला हवी, पण इथे आहे, आणि दस्त्यावर गालाएवढा गुळगुळीत डाग दिसतो आहे. ठाण्यात तो त्यांना दिसला नव्हता.

“मी उघडून बघितलंय,” शेट म्हणतात. “नळी आतसून बघितलंय, भायरसून बघितलंय.”

“काय दिसला?”

“नायट्रो प्रूफ असो छाप आसा. नायट्रो म्हणजे नवी दारू, बिनधुराची. म्हणजे बंदूक साठ सालानंतरची.”

मेस्त्री हसतात. हसणं म्हणजे नाकातून हवा सोडणं, एवढंच. हे हसणं शेटनी लहानपणापासून ऐकलेलं आहे आणि दर वेळी त्यांच्या कानाच्या पाळ्या तापतात. “शिरा पडो तुज्या तोंडार. तुजो आजो लंगोटेत होतो तेवापासून ती दारू आसा आणि तो छाप आसा. नायट्रो वाचलंस आणि झालंस तज्ज्ञ. फुडे वाच.”

“फुडे काय? आकडे आसत.”

“मगे आकडे वाच. इंग्रजी तुका येता ना? माका येणा नाय. माका छाप येतत.”

शेट बंदूक मोडतात, म्हणजे बिजागरीवर नळी खाली झुकवतात. नळीच्या बुडाखाली सपाट जागेवर बारीक ठसे आहेत. मुकुट, तिरके दंड आणि त्यांच्या शेजारी आकडे. “बारा,” ते वाचतात. “मगे दोन एक द्वितीयांश. मगे एक, एक अष्टमांश.”

“बारा म्हणजे?”

“बारा बोअर.”

“अडीच?”

“काडतुसाच्या घराची लांबी. अडीच इंच.”

“आणि एक, एक अष्टमांश?”

शेट नळी पुन्हा उजेडाकडे धरतात. त्यांना हे माहीत होतं, किंवा माहीत असल्यासारखं तोंड करून ते पस्तीस वर्षं वावरले.

“छऱ्यांचा वजन रे मेल्या. औंसात. घराची लांबी लिवूक लागले पंचवीस सालापासून. वजन औंसात लिवीत ता चोपन्नापर्यंत, मगे दाबाचो, टनाचो छाप इलो. ह्येच्यार टन खंय आसा? दाखय माका.”

टन कुठेच नाही. शेट नळी उलटीपालटी करून पाहतात, चष्मा वर ढकलतात. टन नाही म्हणजे बंदूक चोपन्नच्या आधीची. अडीच इंच आहे म्हणजे पंचविसानंतरची. इतका सोपा हिशोब, आणि त्यांनी पत्रात नेमकं उलटं लिहिलं आहे. मेस्त्रींना त्याचं नवल वाटत नाही. तेच शेटना जास्त झोंबतं.

“विलायती म्हटल्यार तुका वाटता खंयच्या लॉर्डान वापरलेली,” मेस्त्री म्हणतात. “गिऱ्हाइकांका तशेच थापे मारीत इलंस. ही थंयच्या शेतकऱ्यान कावळे मारूक घेतलेली बंदूक. आणि हंय सोनू गावड्यान डुकर मारूक घेतली. तुज्यासारक्यांसाटी नाय बनली ती. चल.”

चल म्हणेपर्यंत ते पोचलेले असतात. काजूच्या बागेखाली भाताचं शेत आहे आणि शेतात प्रभावती पत्र्याचा डबा पळीने बडवते आहे. डुकरं तिच्यापासून हाताच्या अंतरावर शांतपणे खात आहेत. ती बडवते, पण डब्याचा आवाज येत नाही. शेट तिला हाक मारायला तोंड उघडतात. मेस्त्री त्यांच्या तोंडावर हात ठेवतात. हाताला बंदुकीच्या तेलाचा वास आहे.

“तिका बोलव नको. त्या दिवशी बोललंस? तिच्याकडे बघलंस तरी?”

शेटना खरंच वाईट वाटतं. बाईच्या टाचा चिखलात रुतल्या आहेत आणि ती मागे वळून पाहत नाही. डुकरं शेताच्या मधोमध येतात, आणि शेत म्हणजे पोलीस ठाण्याचा व्हरांडा असतो.

व्हरांड्यात पंगत बसली आहे. बंदुकांची. भिंतीला टेकून रांगेने दीडदोनशे बंदुका पाटावर बसल्या आहेत, एकनळ्या, दुनळ्या, जुन्या ठासणीच्या, आणि प्रत्येकीपुढे केळीचं पान. पानावर भात नाही, परवान्याचं पुस्तक आहे. मेस्त्री वाढप्यासारखे कमरेत वाकून रांगेतून चालतात. शेट त्यांच्यामागे. एका पानापाशी थांबून मेस्त्री पुस्तक उघडतात.

“नंबर वाच.”

“एक दोन दोन एक दोन एक एक आठ.”

वीस पानं पुढे जाऊन आणखी एक पुस्तक. “वाच.”

“एक दोन दोन एक... ह्यो तोच, मेस्त्रीनू.”

“फुडे चल.”

तिसरं पुस्तक तेच. चौथं सोनू गावड्याचं, तेही तेच. चार गावं, चार घरं, चार बंदुका आणि एकच नंबर. चौघांची पुस्तकं आजवर कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नाहीत, म्हणून निभावलं. शेट हसू लागतात, कारण ही सरकारी कारकुनाची करामत असणार. कारकुनांवर हसायला त्यांना नेहमीच आवडतं.

“बावळट असतत मरे हे कारकून,” ते म्हणतात. “बघल्याशिवाय उतरवन घेतत.”

मेस्त्री पुस्तक मिटतात. ते फक्त चष्म्यावरून पाहतात. इतकं हलकं शेटना आजवर कोणी केलेलं नाही.

व्हरांड्याच्या टोकाला दुकानाचं काउंटर आहे. काउंटरवर नवं पॉलिश आहे, पंख्याचा आवाज येत नाही कारण पंखा अजून बसवलेला नाही, आणि वडील गल्ल्यावर बसून पेपर वाचत आहेत. काउंटरसमोर तिशीतला सोनू गावडे धुतलेला शर्ट घालून उभा आहे आणि विकत घ्यायच्या बंदुकीला हात लावायला लाजतो आहे. काउंटरच्या आत सव्वीस वर्षांचा एक पोरगेला माणूस परवान्याचा अर्ज भरतो आहे. केस मधोमध भांग पाडलेले, खिशाला दोन पेनं. वाणिज्य शाखेची पदवी नुकतीच मिळालेली आहे आणि ती त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

मागून मेस्त्रींचा आवाज येतो. हे त्या वेळचे मेस्त्री आहेत. त्यांचे केस काळे आहेत. “बाळा, फुडला लाकूड काढ. नंबर त्येच्याखाली आसता.”

पोरगेला माणूस मान वर न करता म्हणतो, “मेस्त्रीनू, तुमी कानस मारा. इंग्रजी माका वाचूक येता.”

आणि तो मोडलेल्या बंदुकीच्या नळीखाली जे दिसतं ते डावीकडून उजवीकडे उतरवतो. बारा. दोन एक दोन. एक एक आठ. अपूर्णांकांच्या मधल्या रेघा तो मुद्दाम गाळत नाही, त्या त्याला दिसतच नाहीत. झकास आठ आकडी नंबर तयार होतो. त्याखाली तो झोकदार सही करतो आणि सोनूला म्हणतो, “जपा आता. लाखातली बंदूक आसा.” सोनू दोन्ही हातांनी नमस्कार करतो.

शेट हे उभ्या उभ्या पाहतात. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी त्यांनी असल्या चार बंदुका विकल्या होत्या. चारही बारा बोअर, चारही अडीच इंच, चारही एक एक अष्टमांश. लाकूड त्यांनी एकदाही काढलं नव्हतं. लाकूड काढायला स्क्रूसुद्धा फिरवावा लागत नाही, अंगठ्याने एक खिटी दाबावी लागते. पण मेस्त्रीने सांगितलं म्हणून कसं काढायचं?

“माका म्हायत नव्हता,” शेट म्हणतात.

“सांगलेला आयकना नाय त्येका म्हायत नाय म्हणतत?” हे म्हातारे मेस्त्री आहेत, शेजारी उभे. “पाच येळा सांगलंय. मगे सांगूचा सोडलंय. तुज्या बापाशीक वाटला मी तुजो दुस्वास करतंय.”

“आता सांगितलंय तर चारय परवाने उघडतले. इचारतले, कोणी लिवलान? माजा दुकान जातला, मेस्त्रीनू. लायसन जातला.”

“गळ ईक. रेनकोट ईक. ताच तुका शोबता.”

“तुमी माजी कीव तरी करा.”

“कीव?” मेस्त्री थुंकतात. काउंटरवरून थेट पाटीवर. “कीव तिची करतंय. सोनू मेलो, बंदूक गेली, शेत डुकरांनी खाल्लान, आणि आता बायलमाणूस कोर्टाच्या पायऱ्येर बसतली. कशाक? तर रमाकांतशेट तेंडोलकरांनी एक खिटी दाबूक नाय म्हणान. तू भिकार माणूस आसस, रमाकांता. चोर आसतस तर मान दिलंय असतंय.”

मेस्त्रींनी त्यांना नावाने हाक मारली ती पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. शेटना रडावं असं वाटतं, पण मेस्त्रींसमोर रडणं म्हणजे आणखी एक संधी देणं. वडील पेपरचं पान उलटतात. सोनू गावडे अजून नमस्कार करून उभा आहे.

“हात फुडे कर,” मेस्त्री म्हणतात.

पुन्हा मागची खोली. शेगड्यात निखारे आहेत पण धग नाही. मेस्त्री शेटचा डावा हात मनगटाला धरून ओढतात आणि अंगठा नळीखालच्या लाकडाशी नेतात. लाकडात एक खिटी आहे, पितळेच्या बटणासारखी, वापराने झिजलेली. “दाब.”

शेट दाबतात. टक् असा लहानसा आवाज होतो आणि लाकूड सुटून हातात येतं. अगदी सहज. तांदळाच्या पिठाच्या डब्याचं झाकण निघावं तसं. खाली नळीवर कधी ऊन न लागलेली निळसर काळी जागा आहे, जुन्या तेलाने माखलेली. तिथे चार आकडे आहेत.

“वाच.”

“दिसणा नाय. अंधार आसा.”

“मगे बोटान वाच,” मेस्त्री म्हणतात, आणि शेटचा अंगठा त्या जागेवर ठेवून आपल्या दोन्ही हातांनी वरून दाबतात. म्हाताऱ्याच्या हातात लोहाराचं बळ आहे. अंगठ्याचं हाड लोखंडाला टेकतं. शेट ओरडतात. मेस्त्री सोडत नाहीत. त्यांचा चेहरा शेटच्या चेहऱ्याजवळ आला आहे आणि पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर तुच्छता नाही, नुसती दमणूक आहे, दिवसभर कानस मारल्यावर यायची तशी.

“मी लिवलंय असतंय रे,” ते हळू आवाजात म्हणतात. “पण तुज्या बापाशीन पेन तुज्या हातीत दिलान.”

शटरवर कोणीतरी थाप मारतं.

रमाकांतशेट आरामखुर्चीत आहेत. मागच्या खोलीत खोकी आहेत. घड्याळात साडेचार वाजून गेले आहेत आणि शटरखालून खाकी पँट आणि काळे बूट दिसत आहेत. “शेट, झोपलाय काय? पत्र द्या, साहेब थांबल्यात,” असं म्हणत हवालदार शटर वर ढकलतो आणि आत येतो. हा घाटावरचा तरुण गडी आहे. त्याला कोकणातली दुपार अजून पचलेली नाही.

शेट अर्धवट झोपेतच टेबलाशी जातात. स्वप्न होतं. तिखल्याचं स्वप्न. मेलेल्या माणसाचं ऐकून कोणी स्वतःच्या हाताने दुकान बुडवत नाही. पेपरवेट बाजूला होतो, पत्र पुढे येतं, उजव्या हातात पेन येतं. पंख्याने कागद उडू नये म्हणून शेट डाव्या अंगठ्याने तो सहीच्या जागेशी दाबून धरतात. अंगठा ठणकतो. सही कुठे करायची ते पाहायला ते अंगठा उचलतात.

कागदावर काळपट तेलाचा डाग आहे आणि डागात चार आकडे. चार, सात, एक, सहा. सरळ, ठसठशीत, कुठेही न फाटलेले. शेट अंगठा उलटा करून पाहतात. मांसात तेच आकडे उलटे उठले आहेत, आणि अंगठ्याला बंदुकीच्या तेलाचा वास येतो आहे. बंदूक ठाण्यात कुलपात आहे. त्यांनी तिचं ते लाकूड आयुष्यात कधी काढलेलं नाही.

हवालदार वाकून कागद बघतो आणि हसतो. “काय शेट, सही करायची सोडून अंगठा काय उठवताय? शाळंत गेला न्हाईसा काय?”

शेट पेन खाली ठेवतात. कान तापतात, पण या वेळी ते तापलेले कान घेऊन खाली बसतात.

“हवालदार, फोन लावा ठाण्यात. गावड्यांची बंदूक कपाटातून काढायला सांगा. नळीखाली पुढे लाकूड आहे, त्यात पितळेची खिटी आहे, ती दाबली की लाकूड सुटतं. खाली नंबर असेल. चार हजार सातशे सोळा.”

“परवान्यात तर येगळाच हाय.”

“परवान्यातला तो आकडा नंबरच नाही, मापं आहेत ती. तो मी लिहिलाय.”

हवालदार त्यांच्याकडे पाहत फोन लावतो. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज, मग कोणीतरी एकेक आकडा मोठ्याने वाचतं. हवालदार फोन खाली ठेवतो. आता तो हसत नाही.

“ठाण्यात त्या दिवशी चार मिन्टं बघितलंसा,” तो म्हणतो. “लाकूड तर काढलं न्हाई. मग ह्ये कळलं कसं तुमास्नी?”

“मला नाही कळलं,” रमाकांतशेट म्हणतात. “मला बंदुकीतलं काही कळत नाही.”

मग ते पत्र उलटं करतात, मागच्या कोऱ्या बाजूवर आजची तारीख घालतात आणि लिहायला लागतात, की श्रीमती प्रभावती सोनू गावडे यांच्याकडची बंदूक तीच आहे, आणि तालुक्यात आणखी तीन घरं आहेत.